चिंबोऱ्यांची तिसरी जागा

१

सरस्वतीबाई मढवींना वाचता यायचं ते मोजकंच. बसवरचे आकडे, देवळातल्या फळीवरची देणगीदारांची आडनावं आणि स्वतःचं नाव. पण स्वतःचं नाव त्या कुठेही, कितीही बारीक अक्षरात असलं तरी हुडकून काढीत. म्हणूनच त्या सकाळी नात मनस्वीने ओट्यावर येऊन मोबाइल पुढे केला, तेव्हा त्यांनी स्क्रीनवर एकदा नजर फिरवली आणि निवडत असलेली सुकट बाजूला सारली.

"माझं नाव कुठं गेलं गो?"

"आजी, हे आपलं ॲप नाय." मनस्वीचा आवाज चिरकत होता. "पावणे गावच्या दिपेशचं हाय. स्पर्धेत त्याची टीम हाय ना, त्यांचं."

"वाच."

मनस्वी वाचू लागली. घोड्याचं वळण, तिथे पाणी आधी डावीकडून भरतं. जुनी उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, तिथे अमावस्येला दुपारी थांबायचं नाही. म्हातारीचा बांध. आणि सगळ्यात शेवटी, "पाणी घोट्याला लागलं की मागे वळा, टोपली राहिली तरी चालेल."

ते वाक्य सरस्वतीबाईंचं होतं. शब्दन् शब्द त्यांचा. त्यांच्या आयेने त्यांना चिखलात उभं करून शिकवलेला.

मनस्वी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजांच्या ॲप-स्पर्धेसाठी तिने आणि वरच्या खोलीतल्या सुगतने 'खाडीवाट' बनवलं होतं. भरती-ओहोटीच्या वेळा काय, सरकार देतंच. पण घणसोलीच्या खाडीत कुठला कोपरा आधी भरतो, कुठून माणसाला बाहेर पडता येतं आणि कुठून येत नाही, हे सरकारला ठाऊक नव्हतं, सरस्वतीबाईंना होतं. ॲप उघडलं की पहिल्याच पानावर लिहिलेलं यायचं: माहिती, सरस्वतीबाई मढवी, घणसोली गाव. दिवसातून दहा वेळा त्या ते उघडायला लावीत.

"हितं कुनाचं नाव हाय?"

"रखमाबाई. दिपेशची आजी."

"बरं. मग त्याला जाऊन धर की. रडतेस कशाला?"

"आजी, त्यानं ॲप आपल्या आधी चढवलंय. सगळ्यांना वाटतंय आमीच चोरलं." मनस्वीने नाक पुसलं. "स्पर्धेच्या राजलक्ष्मी मॅडमनी उद्या दुपारी दोन्ही टीमला महापेला बोलवलंय. माहिती कुनाची ते ठरलं नाय तर दोघंपन बाद. आनि कॉलेजला पत्र जानार, की ह्यांनी नक्कल केली."

सरस्वतीबाई उठल्या. पदर खोचला. त्यांच्या घरात आजवर पोलीस आले होते, जमीन मोजणारे आले होते, पण 'चोर' हा शब्द घेऊन कुणी आलं नव्हतं.

"चढवायच्या आधी आपलं ॲप कुनाकुनाच्या मोबाइलमधे होतं?"

"तिघांच्या. तपासून बघायला दिलेलं. सुगत, क्लासच्या नमिता मॅडम आनि विपुलदादा."

"म्हंजे चोर घरातला हाय," सरस्वतीबाई म्हणाल्या, आणि जिन्याकडे वळल्या.

२

"सुगत! खाली ये. नको, थांब तितंच, मीच येते."

वरच्या खोलीत सुगतची आई क्रांती भाकऱ्या थापत होती. लातूरकडची माणसं. सुगत भिंतीला टेकून दोन मोबाइल शेजारी-शेजारी धरून बसला होता.

"तुझा बाप पावण्याला त्या दिपेशच्याच काकाच्या वर्कशॉपात लेथ चालवतो ना रे?"

"हो, आजी."

"आनि ॲप तुझ्या मोबाइलमधे होतं."

"मीच बनवलंय ते. माझ्या मोबाइलमध्ये नसेल तर कुणाच्या असेल?"

क्रांतीने परात दाणकन खाली ठेवली. "काहून असं बोलता, मावशी? आमी तुमच्या खोलीत भाड्यानं राहतो, उचलेगिरी करायला न्हाई आलो. यांनी तिथं लेथ चालवली म्हणून माझं लेकरू चोर झालं का? तुमच्या पोरीनं चहा करून दिला, पर ॲप ह्यानं उभं केलं."

सरस्वतीबाईंना उलट बोलणारं माणूस गावात उरलं नव्हतं. त्यांनी क्रांतीकडे जरा निरखून पाहिलं आणि न विचारता पाटावर बैठक मारली.

"नियम काय हायेत ते सांग," त्या सुगतला म्हणाल्या. "सरळ सांग. इंग्रजी झाडू नको."

"कल्पना दुसऱ्याशी जुळली तर गुन्हा नाही. पण माहिती आणि कोड स्वतःचा पाहिजे. दुसऱ्याचं काही वापरलं तर त्याचं नाव लिहायचं. आणि मोठ्यांनी नुसता सल्ला द्यायचा, बनवून द्यायचं नाही."

"तुमी वापरलंय काय दुसऱ्याचं?"

"नकाशा. तो कुणालाही फुकट मिळतो. पण खाली लिहिलंय कुणाचा ते."

"म्हंजे दूध आपलं, विरजन शेजारनीचं."

"अगदी तसंच."

"मग शेजारनीचं नाव घ्यायला त्या दिपेशची जीभ का झडली?" त्यांनी मोबाइलकडे हनुवटी उडवली. "काय बघत बसलायस?"

"दोन्ही जुळवतोय. रंग वेगळे, नाव वेगळं, कोडपण नव्याने लिहिलेला दिसतो. माहिती मात्र शब्दाला शब्द तीच. फक्त एक गोष्ट त्यांच्यात जास्त आहे. चिंबोऱ्यांची जागा."

सरस्वतीबाईंचा पदराशी चाळा थांबला. "आपल्यात का नाय ती?"

"तुम्ही मला फुटक्या बांधाजवळची सांगितलीत. मनस्वीला सांगितलीत तिसऱ्या उघाडीमागची. दोन्ही जुळेनात, म्हणून आम्ही वगळली."

"वय झालं माझं," सरस्वतीबाई डोळा न लवता म्हणाल्या. क्रांती भाकरीकडे बघत खुदकन हसली.

चिंबोऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या मोठ्या खेकड्यांची जागा ही काय सांगायची गोष्ट होती? ज्या बिळातून हमखास भरली टोपली निघते ती जागा सासू सुनेला सांगत नसे. पण शेजारपाजाऱ्यांना तोंडावर नाही तरी कसं म्हणायचं? मग विचारणाऱ्याला एक जागा सांगायची, खोटी. आणि दोघांना एकच सांगायची नाही, नाहीतर दोघं तिथे गाठ पडून बोलत बसतात. सरस्वतीबाईंचे यजमान जन्मभर त्यांनी सांगितलेल्या जागी गेले, रिकाम्या टोपलीने परत आले, आणि बायकोच्या हाताला यश आहे असं चारचौघांत सांगत राहिले.

"दिपेशची जागा कुठं दाखवलीय?"

सुगतने नकाशा मोठा केला. "इथे. पाइपलाइनच्या मोठ्या खांबाशी."

सरस्वतीबाईंनी स्क्रीनवरच्या त्या खुणेवर बोट टेकवलं. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"तुझी भाकरी करपतेय गो," त्या म्हणाल्या. जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता, आणि तसा तो त्या कधीच धरत नसत.

३

तरी त्यांनी स्वतःलाच बजावलं की तिघांना विचारल्याशिवाय एकाला धरायचं नाही. नमिता मॅडमचा क्लास मेन रोडला मोबाइलच्या दुकानावर होता. सरस्वतीबाई वर्ग चालू असताना सरळ आत शिरल्या. पोरांनी पुढचा बाक रिकामा करून दिला.

"मास्तरीनबाई, दिपेश तुमच्याकडंच शिकतो ना?"

नमिताने पोरांना बाहेर पाठवलं. तिशीची असेल, बोलताना खडू दोन बोटांत फिरवायची सवय. "आजी, दोघंही माझेच विद्यार्थी आहेत. म्हणून तर मनस्वीचं ॲप मी बघितलं आणि लगेच मोबाइलमधून काढून टाकलं. उगाच कुणी बोट दाखवायला नको."

"आनि आता मीच दाखवतेय."

"दाखवा. पण एक सांगते, राग मानू नका. चूक आपल्या पोरांचीही आहे. माहिती जमेल तशी रोजच्या रोज चढवायची असते, म्हणजे तिच्यावर आपोआप तारीख पडते. यांनी सगळं शेवटी एकदम भरलं. निदान तुमचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला असता, तर आज वाजवून दाखवला असता."

सरस्वतीबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. मनस्वीने मोबाइल पुढे धरला होता तेव्हा 'माझा आवाज डबीत भरायचा नाय' असं म्हणून तो त्यांनीच झिडकारला होता.

"चिंबोरी खाता का हो तुमी?"

"काय?" नमिताच्या हातातला खडू निसटला. "नाही हो आजी. आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही."

"मग कुठं मिळतात ते मला कधी विचारलं नसंल."

"मी कशाला विचारू?"

सरस्वतीबाईंनी मान हलवली. त्या दाराशी पोचल्या तेव्हा नमिता मागून म्हणाली, "आजी, दिपेश पोरगा वाईट नाही. पण त्याचा हात एवढा तयार नाही. ते ॲप कुणीतरी नोकरीतल्या, मुरलेल्या माणसाने बनवलंय."

"कोन असंल?"

"ते मी कसं सांगू? महापेच्या ऑफिसांत असे ढिगाने आहेत."

खाली रस्त्यावर ओळखीचा हॉर्न वाजला. पांढऱ्या गाडीची काच खाली करून त्यांचा थोरला नातू हात हलवत होता.

"आजी! इकडे कुठे उन्हात फिरतेयस? बस, घरी सोडतो."

विपुल. महापेच्या ऑफिसात काम करणारा.

४

विपुल म्हणजे सरस्वतीबाईंच्या थोरल्या शिवाचा मुलगा. गाव सोडून सेक्टरातल्या टॉवरात राहायला गेलेला, पण आजीच्या हातचं कालवण म्हटलं की धावत येणारा. त्याच्या पहिल्या नोकरीच्या पेढ्यांचा बॉक्स त्यांनी सगळ्या आळीत फिरवला होता.

त्यांनी त्याला ताट वाढलं. विपुल जेवताना ऑफिसचा गळ्यातला पट्टा काढत नसे, कार्ड आमटीत बुडायचं म्हणून त्या दर वेळी ओरडत. आज गळा मोकळा होता. वार कामाचा होता.

"मनस्वीचं कळलं," विपुल माशाचा काटा काढत म्हणाला. "वाईट वाटलं यार. पण आजी, एक ऐक. तिला उद्या जाऊच देऊ नको. माघार घ्यायची, विषय संपला. कॉलेजात नाव खराब होण्यापेक्षा बरं. पुढच्या वर्षी अजून चांगलं करेल."

"चोरी तिनं केली नाय, मग तोंड तिनं का लपवायचं?"

"तिने नाही गं. पण तो सुगत?" त्याने आवाज खाली आणला. "त्याचे वडील तिथेच कामाला. भाड्याची माणसं, आज इथे, उद्या दुसरीकडे. आपण काय ओळखतो त्यांना?"

हेच शब्द सकाळी सरस्वतीबाईंच्या मनात होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकले, तेव्हा ते फार घाण वाटले.

"तू ओळखतोस का रे त्या दिपेशला?"

"मी? नाव पण पहिल्यांदा ऐकतोय."

त्यांनी त्याला आणखी एक तुकडी वाढली. "बरं, शिमग्याला तू मला चिंबोऱ्यांची जागा विचारलेलीस. मित्रांना घेऊन गेलास का तितं?"

"कुठला वेळ मिळतो, आजी? अजून नाही गेलो."

"जा कधीतरी," सरस्वतीबाई म्हणाल्या. "आनि उद्या दुपारी गाडी घेऊन ये. मी पन महापेला येनार. रिक्षात माझी कंबर जाते."

विपुलचा घास हातातच राहिला. "तू? तू तिथे काय करणार? तिकडे सगळं टेक्निकल असतं."

"मला नाय कळत. पन ते माझं नाव पुसून गेलेत. कुनी पुसलं ते तरी बघू दे मला."

५

महापेच्या त्या इमारतीत गार हवा अंगावर येत होती. लांबट टेबलाच्या टोकाला राजलक्ष्मी मॅडम बसल्या होत्या, केस पिकलेले, मराठी अगदी तोलूनमापून. एका बाजूला दिपेश आणि त्याचा काका. दुसऱ्या बाजूला मनस्वी आणि सुगत. सरस्वतीबाईंनी इस्त्रीचं नऊवारी नेसून गळ्यात ठसठशीत पोत घातली होती. विपुल "मी गाडीत थांबतो" म्हणाला होता, पण आजीने त्याचा दंड सोडला नव्हता. तो भिंतीजवळच्या खुर्चीत बसला. दिपेशने त्याच्याकडे पाहिलं आणि चटकन नजर टेबलावर नेली. सरस्वतीबाईंनी ते टिपलं.

"दोन ॲप, एकच मजकूर," राजलक्ष्मी मॅडम म्हणाल्या. "दोघंही म्हणतात, आमच्या आजीने सांगितलं. एकाची आजी आज इथे आली आहे. दिपेश, तुझी?"

"तिला चालवत नाही, मॅडम. पण तिनेच मला सगळं दाखवलं. मी स्वतः फिरलोय तिच्याबरोबर."

"बाई, मी ह्याला दोन गोष्टी विचारू?" सरस्वतीबाईंनी विचारलं, आणि परवानगीची वाट न बघता खुर्ची पुढे ओढली. "बाळा, घाबरू नको. ह्या सगळ्या जागी तू पायानं गेलास?"

"हो."

"चिंबोऱ्या धरल्यास?"

"हो. खूप."

"कुठं?"

"पाइपलाइनच्या खांबाशी. ॲपमध्ये आहे ती जागा."

"चिखल किती लागला तितं?"

दिपेशने काकाकडे पाहिलं. "गुडघाभर."

"गुडघाभर." सरस्वतीबाई राजलक्ष्मी मॅडमकडे वळल्या. "बाई, त्या खांबाखाली चिखलच नाय. पाइपलाइन झाली तवापासून तितं दगडमातीचा भराव हाय, टेम्पो उभे राहतात. तुमी सँडल घालून जा, तळवा भिजनार नाय. चिंबोरी बीळ करते ती मऊ चिखलात. त्या दगडात तिनं काय सुरुंग लावायचा?"

सुगतने मोबाइलवर त्या जागेचा वरून काढलेला फोटो उघडून टेबलावर सरकवला. करडा भराव, त्यावर उभ्या गाड्या. राजलक्ष्मी मॅडमनी चष्मा वर सारून तो बराच वेळ पाहिला.

"म्हणजे दिपेश तिथे गेलेला नाही, एवढं सिद्ध होतं," त्या म्हणाल्या. "पण आजी, अडचण अशी की ही जागा तुमच्या नातीच्या ॲपमध्ये नाहीच. मग ती त्याने तुमच्याकडून चोरली असं मी कसं म्हणू? कदाचित त्याच्याच आजीची चूक असेल."

काकाने छाती पुढे काढली. मनस्वीचं तोंड उतरलं.

"तिची चूक नाय," सरस्वतीबाई म्हणाल्या. "ती जागा खोटी हाय, आनि ते खोटं माझं हाय. मी बसल्या जागी बनवलं."

६

सरस्वतीबाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"आमच्यात जागा कुनी खरी सांगत नाय," त्या सावकाश बोलू लागल्या. "आनि एकच खोटी जागा दोघांना सांगत नाय. ह्या वर्षी मला तिघांनी विचारलं. मनस्वीनं विचारलं, तिला मी तिसरी उघाडी सांगितली."

"आजी!" मनस्वी ओरडली.

"गप बस. सुगतनं विचारलं, त्याला फुटका बांध. ह्यांच्यातल्या कुनी माहिती नेली असती, तर दिपेशच्या ॲपात उघाडी नायतर बांध आला असता. मास्तरीनबाईंनी मला विचारलंच नाय, तिच्याकडं द्यायला जागाच नव्हती. आता ज्यानं नेली त्यानं काय केलं? रंग बदलला, नाव बदललं. तरी त्याला वाटलं, सगळं सारखंच दिसतंय, धरतील. म्हून त्यानं आपल्या पदरचं एक घातलं. मनस्वीच्या ॲपात नसलेलं, आजीनं फक्त त्यालाच सांगितलेलं. त्याला वाटलं, हे तर अस्सल हाय."

त्या मागे वळल्या नाहीत. भिंतीकडे पाठ करूनच त्यांनी विचारलं, "खांबाची जागा मी कुनाला सांगितली, विपुल?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"तू मलाही खोटी सांगितलीस?"

एवढंच तो बोलला. आणि बोलल्यावर त्याच्या ध्यानात आलं की त्याने काय कबूल केलं. त्याचा चेहरा शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखा झाला.

"तुझ्या आज्याला सांगितली नाय ती तुला सांगनार होते काय रे?" सरस्वतीबाई आता त्याच्याकडे वळल्या.

मग सगळं बाहेर आलं. विपुलची नोकरी पावसाळ्याआधीच गेली होती. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. दिपेशच्या काकाने त्याला पावण्याच्या वर्कशॉपवरची खोली दिली, स्वतःची कंपनी काढ म्हणून, आणि बदल्यात पुतण्यासाठी एक ॲप मागितलं. विपुलने कोड रात्रंदिवस खपून लिहिला, पण माहिती कुठून आणणार? बहिणीचं ॲप मोबाइलमध्ये होतंच.

"कोड तर माझा होता," तो पुटपुटला. "वाटलं, माहिती काय, गावाचीच आहे."

"गावाची हाय, तर गावाचं नाव लिहायचंस. रखमाचं का लिहिलंस?"

राजलक्ष्मी मॅडमनी कागद बाजूला ठेवले. "दिपेश, तुझी टीम बाद. माहिती दुसऱ्याची आहे, एवढंच कारण नाही. तू स्वतः काही बनवलंच नाहीस, हे मोठं कारण आहे. अर्धंमुर्धं, बंद पडणारं, पण स्वतःचं घेऊन आला असतास तर मी ते मन लावून बघितलं असतं." दिपेशची मान खाली गेली. काका उठून बाहेर निघून गेला. मग त्या मनस्वीकडे वळल्या. "आता तुम्ही. विपुलने तुमच्या ॲपला हात लावला आहे का? खरं सांगा."

सुगतने मनस्वीकडे पाहिलं. इथे 'नाही' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"लावला हाय," मनस्वी म्हणाली. "भरती सुरू झाली की घंटा वाजते ना, ती वाजत नव्हती. दादानं दुरुस्त करून दिली. आमी त्याचं नाव लिहिलं नाय."

"ती घंटा काढा आणि स्वतः बसवा. आणि तोवर त्याने केलेलं जेवढं राहील, तिथे त्याचं नाव लिहा. मग तुम्ही स्पर्धेत आहात."

"त्याचं नाव?" सुगत चमकला. "त्याने आजींचं पुसलं!"

"लिही," सरस्वतीबाई ठसक्यात म्हणाल्या. "त्यानं पुसलं म्हून आपन पुसायचं काय? घंटा त्याची हाय. माझ्या नावाखाली लिही. बारीक अक्षरात."

राजलक्ष्मी मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "आजी, आता मला एक भीती आहे. तुम्ही जागा खोट्या सांगता. मग या ॲपमधलं बाकीचं खरं कशावरून?"

सरस्वतीबाई ताठ झाल्या. "बाई, चिंबोरीबद्दल मी देवासमोर खोटं बोलीन. पान्याबद्दल नाय. जागा चुकली तर मानूस रिकाम्या हातानं घरी येतो. पानी चुकलं तर येतच नाय. कुठल्याबी दिवशी तुमचं घड्याळ घेऊन या, मी बांधावर उभी राहते."

७

घड्याळ घेऊन राजलक्ष्मी मॅडम खरंच आल्या. सकाळची ओहोटी संपून भरती लागताना बांधावर उभं राहून त्यांनी घोड्याच्या वळणाला पाणी डावीकडून शिरताना पाहिलं, ॲपवर पाहिलं, आणि घड्याळातली वेळ टिपून निघून गेल्या. अंतिम फेरीच्या यादीत 'खाडीवाट' आलं, तेव्हा गावात पेढे क्रांतीने वाटले.

त्यानंतरच्या ओहोटीला सरस्वतीबाईंनी मनस्वीला उठवलं, आणि जिन्याखालून हाक मारली, "सुगत, तू पन चल. जुने कपडे घाल."

तिवरांच्या झाडीतून वाकून, पाय उपसत तिघं बरेच आत गेले. फुटका बांध मागे पडला, तिसरी उघाडी मागे पडली. एका वठलेल्या तिवराच्या मुळाशी त्या थांबल्या.

"ही खरी?" मनस्वीने विचारलं. तिचा आता आजीच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहिला नव्हता.

सरस्वतीबाईंनी टोपली खाली ठेवली. लोखंडी आकडी बिळात घातली, मनगट जरासं फिरवलं, आणि तळहाताएवढी काळपट चिंबोरी नांग्या उगारत बाहेर आली. त्यांनी पाठीमागून धरून ती टोपलीत टाकली.

"आजी, मला का आणलंत?" सुगत चिखलात गुडघाभर रुतून विचारत होता.

"त्या दिवशी तुझ्या आईसमोर मी जे बोलले ते तिला सांगून माघारी घ्यायला मला जमनार नाय. ही टोपली वर घेऊन जा. तिला कळंल."

मनस्वी मोबाइल काढू लागली. आजीने नुसते डोळे वटारले, तसा तो परत खिशात गेला.

"हे ॲपात जानार नाय. कळलं?"

"कळलं." तिने टोपली पुढच्या बिळाजवळ सरकवली. "आजी, दादाला कधी सांगशील? तो रोज फोन करतो. नोकरी शोधतोय म्हनाला."

सरस्वतीबाईंनी आकडी पुढच्या बिळात घातली. पाणी अजून लांब होतं. बांधावर एक पांढरी गाडी येऊन थांबली होती आणि तिच्यातून उतरलेला कुणीतरी पँट दुमडत उभा होता, पुढे यावं की नाही ते न ठरवता.

त्यांनी तिकडे पाहिलं, आणि पुन्हा बिळाकडे.

"चिखलात उतरू दे आधी," त्या म्हणाल्या. "मग बघू."